भिंत गुण्यात नाही

भिंत सरळ असते हा समज हातात टेप येईपर्यंतच टिकतो. बेडरूमला वॉलपेपर लावायचं ठरलं, तेव्हा मोजमाप हे चहा गार व्हायच्या आत उरकायचं काम आहे, यावर घरात एकमत होतं. आमच्या घरात एकमत झालं की मला धडकीच भरते.

पहिला प्रश्न, मोजायचं कशात? बाबा फूट, इंच आणि सूत यांतच बोलतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. त्याखाली जग संपतं. बायकोचं सगळं सेंटिमीटरमध्ये, कारण वॉलपेपरचा रोल सेंटिमीटरमध्ये मिळतो. मी मधला दुभाषी. इंचाला २.५४ ने गुणत बसलो की मला हमखास ते नासाचं यान आठवतं. एका चमूने पाउंडात आकडे दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले आणि १९९९ मध्ये यान मंगळापाशी जाऊन गायब झालं. तिथे निदान दोन्ही चमू वेगवेगळ्या ठिकाणी बसले होते. इथे दोघं एकाच खोलीत, आणि दोघांच्याही हातात पेन्सिल.

टेपचं टोक बाबांनी कोपऱ्यात धरलं, मी डबी घेऊन मागे सरकत गेलो. मध्यावर टेपने पोट सोडलं. "अरे ताण ना!" मी ताणली. ती बाबांच्या हातातून सुटली आणि सटकन येऊन माझ्या बोटावर बसली. "ही खिळखिळीच झालीये," बाबा टोकाची पत्र्याची पट्टी हलवत म्हणाले आणि हातोडी आणायला उठले. त्यांना अडवताना माझी सगळी पितृभक्ती पणाला लागली. ती पट्टी मुद्दामच सैल ठेवलेली असते. कोपऱ्यात आतून टेकवली की स्वतःच्या जाडीएवढी आत सरकते, कडेला अडकवली की तेवढीच बाहेर येते. कसंही मोजा, शून्य जागेवरच राहतं. बाबांनी ऐकून घेतलं. पटलं नाही. हातोडी मात्र दाराशी ठेवली, वेळ सांगून येत नाही म्हणून.

मग भिंतीने आपले गुण दाखवले. लादीजवळ बारा फूट. छातीच्या उंचीवर बारा फूट दोन सूत. छताखाली बाराला तीन सूत कमी. समोरची भिंत पाऊण इंच जास्त. बाबांनी दोन्ही कर्ण मोजायला लावले. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि कर्णही सारखे, तर खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात. आमचे कर्ण एकमेकांशी बोलतही नव्हते. "बांधणाऱ्याचा ओळंबा खिशातच राहिला," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं.

"अहो, वर, मधे आणि खाली मोजा आणि सगळ्यांत मोठं माप धरा," बायको म्हणाली. एवढं साधं, शहाणपणाचं वाक्य त्या दिवशी दुसरं कोणी बोललं नाही. ते तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण पुढे हिशेब होता. बारा बाय दहाची खोली, उंची नऊ फूट. चार भिंतींचा घेर ४४ फूट, क्षेत्रफळ ३९६ चौरस फूट. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फुटांचा. भागाकार केला, सात रोल. दार-खिडकी वजा न करताही सातच. बाबा खूश.

"बाबा, कागद काय चौरस फुटात चिकटवायचा आहे?" बायकोने विचारलं. आणि खरंच, कागद उभ्या पट्ट्यांनी लागतो. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर, वर-खाली कापायला दहा धरा, २८४. एका रोलमधून तीन पट्ट्या निघतात आणि दीड मीटरचा तुकडा उरतो. दारावर किंवा खिडकीखाली तो लागतो, पूर्ण पट्टीला पुरत नाही. घेराला पट्ट्या लागतात सव्वीस, म्हणजे रोल नऊ. शिवाय तिला आवडलेल्या नक्षीतलं फूल दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत होतं. शेजारच्या पट्टीवरच्या अर्ध्या फुलाला त्याचं उरलेलं अर्धं भेटायला हवं, तर प्रत्येक पट्टी ३२० ची कापायची. तरी तीनच निघतात, पण दीड मीटरचा तुकडा जेमतेम हातभर होतो. बाबा म्हणाले, सात आणून बघू, कमी पडले तर दोन मागाहून. तेही नाही. मागाहून आणलेला रोल वेगळ्या बॅचचा निघाला तर रंगछटेत फरक पडतो, आणि तो नेमका पलंगासमोर दिसतो. एकाच बॅचचे, एकदमच घ्यायचे.

नऊ हा आकडा ऐकून खोलीत शांतता पसरली. मग बायकोने तोडगा काढला: कागद पलंगामागच्या एकाच भिंतीला, बाकी तिघींना रंग.

उत्तम. अडचण एवढीच की बाबांनी आतापर्यंतचा सगळा हिशेब, "कागदाखाली झाकलाच जाणार आहे" म्हणून, भिंतीवरच मांडला होता. खिडकीशेजारी ३९६, त्याखाली ५७ ने भागाकार, बाजूला सुतांची बेरीज आणि एक बाण, जो कशाकडे जातो ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी खोडरबर शोधायला गेलो. परत येतो तर बाबा रंगाचं माहितीपत्रक डोळ्यांजवळ धरून उभे.

"एका लिटरला इतके चौरस मीटर, असं लिहिलंय. अरे, चौरस मीटरचे चौरस फूट किती?"

"दहा पूर्णांक शहात्तर."

"थांब, पुन्हा सांग," असं म्हणून त्यांनी भिंतीवर कोरी जागा शोधली.