एक्झिक्युटर म्हणून कुणाचं नाव घालताय?

मृत्युपत्राच्या शेवटी एक ओळ असते, ‘याची अंमलबजावणी श्री. अमुक करतील’. हे अमुक म्हणजेच एक्झिक्युटर. बऱ्याच घरांत तिथं थोरल्या काकांचं नाव मानानं घातलं जातं. काकांना त्याचा पत्ताही नसतो. माझं ठाम मत आहे की मान द्यायची ही जागाच नाही. तिथं आपल्यापेक्षा वयानं लहान, मिळकत नाशिकची असेल तर शक्यतो नाशिकमध्येच राहणारा, हिशेबाला पक्का आणि भावंडांना तोंडावर नाही म्हणू शकणारा माणूस हवा. त्याला आधी विचारा. कामाला हात लावण्याआधी त्याला नकार देता येतो, एकदा कारभार हाती घेतला की अंग काढून घेणं अवघड. म्हणून पर्यायी नावही लिहाच.

नाशिकमधल्या मिळकतीसाठी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही, मग एक्झिक्युटर कशाला, असं काही जण म्हणतात. पण प्रोबेट नसलं तरी देणी, नोंदी, वाटप ही कामं कुणीतरी करावीच लागतात. नाव नसेल तर ती सगळ्यांची होतात, म्हणजे कुणाचीच होत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ क्रमात होतो. तेराव्यालाच दागिने वाटून टाकायची घाई असते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम ठरलेला आहे: आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेट घेतलं असल्यास त्याचा कोर्टखर्च, मग मजुरांची आणि घरकामाच्या माणसांची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी, मग बाकीची कर्जं. वाटप त्यानंतर. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या मागे विकास सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचे हप्ते, औषधांच्या दुकानातली उधारी असं बरंच असतं. वाटून झाल्यावर देणी भागेनाशी झाली, तर एक्झिक्युटरच्या खिशाला झळ बसू शकते. मृत्यूपासून एक वर्षाच्या आत वाटा द्यायला तो बांधील नाही. वारसांनी घाई केली तर हे शांतपणे दाखवावं.

बाग मात्र वर्षभर थांबत नाही. ऑक्टोबर छाटणी चुकली की हंगाम गेला. म्हणून बाग चालू ठेवण्याचा, त्यावर खर्च करण्याचा आणि गरज पडल्यास काय विकायचं याचा अधिकार मृत्युपत्रातच स्पष्ट लिहावा. एक्झिक्युटरचा प्रवासखर्च आणि मोबदलाही तिथंच लिहा, संकोच नको.

मग फेरफार, म्हणजे नोंदीतलं नाव बदलणं: सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे अर्ज, शहरात सिटी सर्व्हेत मिळकत पत्रिका आणि महापालिकेत घरपट्टी. फेरफाराची नोटीस सगळ्या वारसांना जाते, 15 दिवसांत हरकत आली की प्रकरण तक्रारीत जातं. फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे, खरा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो. तिथं दोन साक्षीदारांपैकी एकाला तरी, तो हयात आणि येण्याच्या स्थितीत असेल तर, सही सिद्ध करायला उभं राहावं लागतं. मृत्युपत्र रजिस्टर्ड असलं तरीही. दोन्ही साक्षीदार पंचाहत्तरीचे घेऊ नका, आणि त्यांचे पत्ते एक्झिक्युटरकडे असू द्या.

सोसायटीतल्या फ्लॅटला नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसरंच, हा नेहमीचा वाद. नॉमिनी हा तात्पुरता सभासद, मालक नव्हे. सोसायटीला हे सुरुवातीलाच लेखी कळवावं.

पंचवटीतला वडिलोपार्जित वाडा एका मुलाला लिहून दिला, असंही दिसतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. असं मृत्युपत्र कितीही चांगल्या एक्झिक्युटरला पेलणार नाही.

कारभारासाठी वेगळं बँक खातं उघडावं, प्रत्येक पावती जपावी. मृत व्यक्तीचं मृत्यूच्या तारखेपर्यंतचं आयकर विवरण भरावं लागतंच. शिवाय वाटप पूर्ण होईपर्यंत मालमत्तेतून येणारं भाडं, व्याज यांचं विवरण एक्झिक्युटरनं स्वतःच्या विवरणात न मिसळता वेगळं भरायचं असतं.