‘अटी घालणाऱ्या चित्रकाराला पुन्हा फोन येत नाही’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची चित्रं करून पोट भरणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपल्या एका दिवसाचा दर काढा, निम्मे पैसे आधी घ्या आणि अटी लेखी ठेवा, असं त्या लेखात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. दिवसाच्या दराचा हिशेब जाहिरात एजन्सीत चालतो, मराठी प्रकाशक मुखपृष्ठाला चार-पाच हजारांच्या वर जात नाही. निम्मे पैसे आधी मागून लेखी अटी घालणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या जुन्या चित्रकारांच्या काळी कुणी अटी घातल्या होत्या? आणि लेखात कराचं कलम चुकलं आहे.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या (१ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली) कलम ४४एडीएनुसार निम्मी जमा नफा धरून मोकळं होता येतं, पण ही सवलत यादीतल्या व्यवसायांनाच आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, वास्तुरचनाकार, हिशेबनीस, अंतर्गत सजावटकार, चित्रपट कलावंत वगैरे. सिनेमाचा कलादिग्दर्शक त्यात बसतो, पुस्तकाचा चित्रकार बसत नाही. म्हणजे आपल्याला खरा खर्च दाखवावा लागतो. कागद, रंग, सॉफ्टवेअरचं भाडं, कामापुरता वीजबिलाचा वाटा, संगणकाचा घसारा, या सगळ्याच्या पावत्या हव्यात. ही सवलत आपल्यालाही आहे असं सांगणारा लेखातला परिच्छेद बदलला आहे. एक जोडतो: बिलातून दहा टक्के टीडीएस कापला की बरेच जण ते पैसे गेले असं धरतात. विवरणपत्र भरलं की करापेक्षा जास्त कापलेली रक्कम परत मिळते. मात्र कापणाऱ्याने ती सरकारकडे भरली का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणात (२६एएस) दर तिमाहीला बघा. तिथे नोंद नसेल तर लगेच विचारा, वर्षभराने कुणालाच काही आठवत नाही.

आता दर. लेखातला हिशेब पुन्हा मांडतो. घरखर्च महिना ४०,००० धरला तर वर्षाला ४,८०,०००. सव्वा लाखाच्या आसपासचा संगणक आणि टॅब्लेट चार वर्षांत बदलावा लागतो, त्याचे वर्षाला ३०,०००. आरोग्यविमा २०,०००, सॉफ्टवेअर २४,०००, वीज आणि इंटरनेट १८,०००. बेरीज ५,७२,०००. वर्षात ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस १४० धरले. उरलेले फोन, बिलं, नाकारलेले आराखडे आणि रिकाम्या आठवड्यांत जातात. एका दिवसाचे सुमारे ४,१०० झाले. हा आकडा प्रकाशकाला सांगायचा नाही, तो तुमच्या वहीत राहतो. समोरून ४,५०० ची तयारी दिसली तर आपल्याकडून किती काम द्यायचं, एवढं त्यावरून ठरतं: एका दिवसाचं. एक कच्चा आराखडा, पक्क्यात एकदा बदल, एकच चित्र, मलपृष्ठावर सपाट रंग. रक्कम कमी असेल तर काम कमी करा. तुमच्या प्रतिक्रियेत रक्कम कमी आणि काम मात्र १२,००० चं, पाच आराखडे आणि लेखकाच्या घरच्यांनी सुचवलेल्या बदलांसकट. तिथे मी सहमत होऊ शकत नाही.

दिवाळी अंकांकडून आगाऊ पैसे मिळत नाहीत, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य करतो. अंकाचा पैसा जाहिरातींतून येतो, आणि जाहिरातदार अंक हातात पडल्यावर देतात. श्रावणात चित्रं मागणाऱ्या संपादकाकडे निम्मे पैसे खरोखरच नसतात. तिथे आगाऊ रकमेचा हट्ट नको, तारखेचा धरा: ‘दिवाळीच्या पाडव्यानंतर तीस दिवसांत’. आणि एकेका कथेचं चित्र सुटं घेऊ नका. दहा-बारा चित्रं एकत्र मागा, म्हणजे शैली एकदाच ठरते आणि संपादकाशी बोलणं एकदाच होतं.

लेखी अटींचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे गप्प राहण्याची किंमत फार मोठी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार निर्मिती करणारा हा पहिला मालक. पण त्याच कलमाला अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेलं पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक सांगणारा. ‘विश्वासावर काम चालतं’ असं म्हणून काहीच न लिहिणारा चित्रकार आपलं चित्र नकळत देऊन बसतो. मग तेच चित्र ई-पुस्तकावर, हिंदी अनुवादावर, कापडी पिशवीवर येतं आणि बोलायला जागा उरत नाही.

यासाठी स्टँपपेपर लागत नाही. काम सुरू करण्याआधी एवढा ईमेल पुरे (‘डेमी’ हा पुस्तकाचा एक ठरलेला आकार, ‘कणा’ म्हणजे पानं जोडलेली पुस्तकाची कडा, जिच्यावर नाव छापतात):

‘कादंबरीचं मुखपृष्ठ, डेमी आकार, कणा आणि मलपृष्ठासह. दोन कच्चे आराखडे, पक्क्यात दोनदा बदल. मानधन ८,०००, निम्मे आधी, उरलेले छपाईची फाइल देण्यापूर्वी. चित्र मराठी छापील आवृत्तीसाठी, पाच वर्षं. इतर वापराचं वेगळं ठरवू. कॉपीराइट चित्रकाराकडे. आराखड्यांनंतर काम थांबलं तर आगाऊ रक्कम परत नाही. ठीक असेल तर तसं कळवा.’

‘ठीक आहे’ असं उत्तर आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. वापराची परवानगी देण्यापुरता हा व्यवहार लेखी झाला. हक्क कायमचे सोपवायचे असतील तर मात्र कलम १९ प्रमाणे सही असलेला कागदच हवा, आणि त्यात कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे लिहावं लागतं. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत, असं कायदा धरतो. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढीच ओळ असलेला छापील कागद आला तर निदान हे दोन रकाने भरून मागा.

दीनानाथ दलालांचं उदाहरण तर तुमच्या मुद्द्याच्या विरुद्ध जातं. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक काढलं, म्हणजे ते स्वतःच प्रकाशक झाले. चित्र कुठे, कसं, किती वेळा छापायचं हे त्यांच्याच हातात आलं. अटी घालायला समोर कुणी उरलंच नाही. ते सगळ्यांना जमणारं नाही, म्हणूनच बाकीच्यांना वरचा ईमेल लागतो.

पैसे अडकले तर? उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे करायची नोंद) फुकट आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही मिळते. मात्र ती काम घेण्याआधी हवी. नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमईडी) कायद्याप्रमाणे पैसे देण्याची लेखी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवसांची. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. कंपनीला द्यायच्या बिलात व्याजाची ही ओळ जरूर छापा. दोन माणसांच्या प्रकाशनसंस्थेवर हे हत्यार उगारू नये असं माझं मत आहे. तिथे आधी वॉटरमार्क असलेली, कमी रिझोल्यूशनची प्रत पाठवणं आणि उरलेली रक्कम आल्यावरच छपाईची फाइल सोडणं जास्त उपयोगी पडतं.

‘बदल फुकट करून द्यावेच लागतात’ असंही तुम्ही लिहिलंत. बरेचसे बदल आवडीनिवडीचे नसतातच, ते पानसंख्येमुळे येतात. ७० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर २०० पानांच्या पुस्तकाचा कणा साधारण ९ ते १० मिलिमीटर. शेवटच्या क्षणी प्रस्तावना आणि परिशिष्ट मिळून दोन फर्मे (एकत्र छापून दुमडलेले १६ पानांचे गठ्ठे) वाढले की ३२ पानं, म्हणजे दीड मिलिमीटर. तेवढ्याने कण्यावरचं नाव एका बाजूला सरकतं आणि पूर्ण फाइल पुन्हा मांडावी लागते. म्हणून ईमेलमध्ये आणखी एक ओळ घाला: ‘अंतिम पानसंख्या आणि कागद लेखी कळल्यावरच कण्याची फाइल, नंतर बदलल्यास १,००० वेगळे.’ ही अट प्रकाशकाला पटते, कारण ती मोजता येते. नारिंगी आणि निळा छपाईत मळका आला ही तक्रारही अशीच टाळता येते: पक्कं चित्र दाखवतानाच ते सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) बदलून दाखवा, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ३ मिलिमीटर ठेवा आणि बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत.

रेषाचित्रं कागदावर करत असाल तर मूळ कागद छापखान्यात पाठवू नका. १,२०० डीपीआयला स्कॅन करून फाइल द्या, मूळ घरी सपाट ठेवा. छापण्याची परवानगी आणि मूळ चित्र या दोन वेगळ्या विक्रीच्या गोष्टी आहेत. मूळ विकताना पावतीवर ‘पुनर्मुद्रणाचे हक्क वगळून’ असं लिहा आणि खरेदीदाराची सही घ्या.