हातातोंडाशी आलेला विनोद

काल रात्री कोएन बंधूंचा 'द लेडीकिलर्स' पुन्हा पाहिला. २००४ सालचा, टॉम हँक्सवाला. ही तिसरी वेळ, आणि पुन्हा तीच हळहळ. वाईट सिनेमा दोन दिवसांत डोक्यातून निघून जातो. हा जात नाही, कारण याच्या पोटात फार काळा, फार खोल विनोद आहे आणि सिनेमा त्याच्या शेजारून निघून जातो. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. (सिनेमा पाहायचा असेल तर इथेच थांबा, पुढे शेवटासकट सगळं येणार आहे.)

गोष्ट साधी आहे. मिसिसिपीतल्या एका छोट्या गावात मिसेस मन्सन नावाची कृष्णवर्णीय विधवा राहते. चर्चला नेमाने जाणारी, शिस्तीची, जिभेला धार असलेली. प्रोफेसर डॉर नावाचा एक गोडबोल्या इसम तिच्याकडे खोली भाड्याने घेतो. तळघरात आम्ही जुन्या संगीताचा सराव करू, असं सांगतो आणि चार साथीदारांना घेऊन तिथून कॅसिनोच्या पैशांपर्यंत भुयार खणतो. चोरी होते, म्हातारीला पत्ता लागतो, तिला संपवायचं ठरतं. आणि तिला संपवायला निघालेले पाचही जण एकेक करून स्वतःच मरतात. म्हातारीच्या केसालाही धक्का लागत नाही.

हा रीमेक आहे. मूळ सिनेमा १९५५चा, इंग्लंडमधल्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. त्यात लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळचं मोडकळीला आलेलं घर आहे आणि मिसेस विल्बरफोर्स नावाची म्हातारी आहे. अ‍ॅलेक गिनेस टोळीचा म्होरक्या, टोळीत तरुण पीटर सेलर्स. केटी जॉन्सन ही म्हातारीच्या भूमिकेत होती तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली होती, आणि त्या भूमिकेसाठी तिला ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

मूळ सिनेमा आपल्याला कुठे पकडतो ते नीट पाहण्यासारखं आहे. त्यात चोरीचा पैसा ट्रंकेत भरून स्टेशनवर ठेवलेला असतो आणि तो घरी कोण आणतं? स्वतः मिसेस विल्बरफोर्स. तिला वाटतं, भाडेकरूचं सामान आहे, आणून देऊ. पोलिसांच्या डोळ्यांदेखत ती लुटीचा माल घरी आणते. पुढे बिंग फुटतं तेव्हा टोळी तिला ऐकवते की बाई, आता तुम्हीही आमच्यातल्याच. शिवाय सांगतात, नुकसान कुणाचंच नाही, विमा कंपनी भरून देईल, प्रत्येकाच्या हप्त्यावर फार तर एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, चढेल. आणि ती सज्जन बाई क्षणभर खरंच गोंधळते. विनोदातला काळेपणा इथे आहे. माणसं मरतात ते नंतर. चांगुलपणाच कसा गुन्ह्याचं वाहन होतो, हे आपण हसत हसत पाहत असतो.

रीमेकमध्ये ही ट्रंकच नाहीशी झाली. मिसेस मन्सनचं फक्त तळघर वापरलं जातं. ती घरमालकीण आहे, तेवढंच. तिच्या हातून काहीच घडत नाही, त्यामुळे तिच्या आत काही ढवळून निघण्याची वेळच येत नाही. पटकथेतला हा एक दगड काढला आणि वरची भिंत कलली, असं मला वाटतं.

पण मला खरा राग याचा नाही. रीमेक आहे, बदल होणारच. राग याचा आहे की कोएननी त्या ट्रंकेच्या जागी ठेवायला त्याहून जबरदस्त गोष्ट शोधली होती आणि ती तशीच टाकून दिली.

मिसेस मन्सन दर महिन्याला पाच डॉलर एका शिक्षणसंस्थेला पाठवते. बॉब जोन्स युनिव्हर्सिटी. दक्षिण कॅरोलायनातली कट्टर ख्रिस्ती संस्था. १९७१पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. पुढे प्रवेश मिळाला, पण वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरण्यावर बंदी राहिली. या धोरणापायी संस्थेची करसवलत गेली आणि १९८३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. ती बंदी उठली थेट २००० साली, म्हणजे हा सिनेमा येण्याच्या जेमतेम चार वर्षं आधी.

आता या बाईकडे पाहा. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन ती त्या संस्थेला पैसे पाठवते जिने तिच्या माणसांना दारात उभं केलं नव्हतं. बायबल शिकवतात म्हणून पाठवते, मनापासून पाठवते. शेवटी पोलीस तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, पैसे तुम्हीच ठेवा म्हणतात, आणि कॅसिनोची ती सगळी लूट ती याच संस्थेला द्यायचं ठरवते. अंगावर काटा आणणारा विनोद आहे हा! पाच मुडदे पडले ते शेवटी कुणाच्या झोळीत दान पडावं म्हणून?

आणि सिनेमा हे नाव नुसतं उच्चारतो. ज्याला संदर्भ माहीत आहे तो दचकतो, बाकीच्यांना ते कुठल्याही कॉलेजचं नाव वाटतं. एक प्रसंग हवा होता. चर्चमधल्या एखाद्या मैत्रिणीने तिला एकच प्रश्न विचारायला हवा होता. मिसेस मन्सनने काय उत्तर दिलं असतं, याचा विचार मी काल झोपेपर्यंत करत होतो.

त्याऐवजी सिनेमा वेळ कशावर घालवतो? एका साथीदाराला पोटाचा विकार आहे, तो ऐन वेळी उपटतो. एकाच्या तोंडी अखंड शिव्या आहेत. एक इतका मठ्ठ आहे की बंदुकीच्या नळीत डोकावून पाहतो. हे सगळे एका ओळीत सांगता येणारे लोक आहेत आणि मरतातही एका ओळीत. सुरुंगात तुटलेलं बोट मांजर पळवतं, प्रेतं पुलावरून कचऱ्याच्या बोटीवर पडतात, दर वेळी बोट वेळेवर हजर. पहिल्यांदा हसू येतं. तिसऱ्या प्रेताला आपण फक्त मोजत असतो.

एक जागा मात्र सोडू नये. मारायची चिठ्ठी टोळीतल्या गवेनच्या नावावर निघते, तो पिस्तूल घेऊन म्हातारीसमोर उभा राहतो आणि त्याला तिच्यात आपली आई दिसते. हात उचलत नाही. त्या काही क्षणांत सिनेमा श्वास घेतो. पाहताना वाटतं, आता सुरू होईल. लगेच पुढे झटापटीत त्याला गोळी लागते आणि गाडी पुन्हा रुळावरून खाली.

काळा विनोद आपल्याला नवा नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो, मला जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हट्ट धरतो. १९७४चं नाटक. ते आजही हसवतं आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं, कारण त्यातली माणसं जे करतात ते अगदी गंभीरपणे करतात. आपण विनोदी आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. टॉम हँक्सच्या प्रोफेसरला मात्र ते पक्कं ठाऊक आहे. ते लांबलचक पल्लेदार बोलणं, ते गुदमरल्यासारखं हसणं. मेहनत दिसते, माणूस दिसत नाही.

दिसते ती अर्मा पी. हॉल. मिसेस मन्सन तिने केली आहे आणि २००४च्या कान महोत्सवात तिला ज्युरी पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो शंभर टक्के योग्य. भिंतीवरच्या दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीशी ती बोलते तेव्हा वाटतं, रोज संध्याकाळी बोलत असणार. चोरांना ती सांगते, पैसे परत करा आणि रविवारी माझ्याबरोबर चर्चला चला. त्या आवाजात धमकी नाही, खात्री आहे. ही बाई आपला शब्द खरा मानून जगते, आणि म्हणूनच तिच्या हातून ते दान जाणं इतकं भयंकर ठरू शकलं असतं.

तिला फक्त एवढंच मिळायला हवं होतं. स्वयंपाकघरातलं टेबल, समोर पैशांचा ढीग, आणि पाकिटावर पत्ता लिहिणारा तिचा हात. कॅमेरा तिथे अर्धा मिनिट थांबला असता तरी चाललं असतं.