‘अभ्यास झालेल्याला भीती वाटत नाही’ हे खरं नाही

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की पालकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, सूचना त्याच: पहाटे चारला उठा, तेव्हा वाचलेलं कायम लक्षात राहतं. प्रत्येक धडा किमान पाच वेळा वाचून काढा. पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं फक्त वाचा. दहावीची संधी एकदाच येते. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: ‘ज्याचा अभ्यास झाला आहे त्याला परीक्षेची भीती वाटत नाही.’

पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण त्या शेवटच्या वाक्याने मुलांचं नुकसान होतं, म्हणून आधी तेच घेते.

वर्षभर नेमाने अभ्यास केलेल्या मुलीच्याही पोटात पेपरच्या आदल्या रात्री गोळा येतो. ती हे वाक्य वाचते आणि एकच अर्थ काढते: माझा अभ्यास कच्चा राहिला. मग रात्री अकराला पुन्हा पुस्तकं उघडली जातात, झोप जाते, आणि सकाळी भीती दुप्पट झालेली असते. खरं तर छाती धडधडणं, तळहाताला घाम येणं हा ताणाला शरीराने दिलेला प्रतिसाद. समोर महत्त्वाचं काही आहे एवढंच शरीर सांगत असतं. तयारी किती झाली याचं ते मोजमाप नव्हे.

उलट पुरावाही आहे. सियान बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवलं की दडपणाखाली गणितं सोडवताना जास्त घसरण झाली ती एरवी सरस असणाऱ्यांची. कारण समजण्यासारखं आहे. हातचे, मधल्या पायऱ्या, सूत्रं आपण ज्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतो, तिचीच जागा काळजी अडवते. मग येत असलेलं गणितही चुकतं. घरी सुटणारं उदाहरण पेपरात का सुटलं नाही, असं विचारून मुलाला खोटं पाडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

काही मुलांना अभ्यास मागे पडल्यामुळेच भीती वाटते, हे मान्य. पण भीतीवरून ते ओळखता येत नाही. पुस्तक मिटून लिहायला बसवलं की कळतं.

आता ‘पाच वेळा वाचा’. हा सल्ला सर्वांत जास्त पाळला जातो आणि सर्वांत जास्त फसवतो. तिसऱ्या वाचनाला धडा ओळखीचा वाटू लागतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असं मुलं धरून चालतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग इथे बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकाच सत्रात वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, लिहून पाहणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. बोर्डाचा पेपर वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी नसतो.

मग करायचं काय? समरूपतेच्या प्रकरणातलं कोनदुभाजकाचं प्रमेय एकदा नीट समजून घ्या, वही मिटा, कोऱ्या कागदावर आकृतीपासून लिहा. अडलात तिथे खूण करा, तेवढंच परत बघा. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. केप्लरचे नियम, आवर्तसारणीतले कल, इतिहासातली कारणं, सगळ्याला हेच चालतं. हे कंटाळवाणं आहे, आणि सुरुवातीला आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. ते वाटणं सहन करावं लागतं. भीतीवरचा खरा उपायही इथेच आहे. आठवड्यातून एकदा भूमितीची 40 गुणांची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोन तासांत, मध्ये न उठता सोडवणाऱ्या मुलाला परीक्षागृहातली शांतता परकी वाटत नाही. क्लासच्या नोट्सना चार रंगांचे हायलायटर लावून हे साधत नाही.

पहाटे चारबद्दल थोडक्यात. किशोरवयात झोपेचं घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकतं आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. चारला उठायचं तर आठला झोपावं लागेल. किती घरांत ते होतं? वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. ज्याला पहाट खरोखर मानवते त्याने जरूर उठावं, बाकीच्यांना अपराधी वाटायला लावू नये.

दहा मिनिटांची सूचना जुनी झाली. पूर्वी राज्य मंडळाच्या परीक्षेत वाचनासाठी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळायची. 2023 पासून ते बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवली गेली. पेपरवर एकदा नजर जरूर टाका, पण लिहिण्याच्या वेळातली दहा मिनिटं त्यात घालवू नका. हात थरथरत असेल तर दोन मिनिटं हळू श्वास घ्या, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या, आणि ज्याचं उत्तर हमखास येतं त्या प्रश्नापासून सुरुवात करा.

राहिलं ‘संधी एकदाच’. हे तर सरळ चूक आहे. फेब्रुवारी-मार्चचा निकाल मनासारखा लागला नाही तर पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि उत्तीर्ण झालेल्यांना श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येतं. पालकांनो, हे मुलांना निकालानंतर नव्हे, पहिल्या पेपरच्या आधी सांगा. आणि झोप, जेवण दोन्ही तुटलं असेल, मूल ‘मी नसलेलंच बरं’ असं काही बोलत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता त्याच्याशी बोला, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.