अनुभवाचा दाखला हा उपकार नाही

परवा एक पोरगा भेटायला आला. चोवीस वर्षांचा. चार वर्षं एका ठेकेदाराकडे वायरिंगच्या कामावर आहे. वायरमनच्या परवान्यासाठी अनुभवाचा दाखला हवाय आणि मालक म्हणतो, "बघू पुढच्या महिन्यात." हे 'बघू' तो सात महिने ऐकतोय.

काँक्रीट ओतायच्या आधी स्लॅबच्या सळईत वायरचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स बांधून ठेवतात. मी सहज विचारलं, "स्लॅबचं पायपिंग करताना फॅन बॉक्समध्ये कागद का कोंबतोस?"

"नाहीतर काँक्रीट आत जातं ना काका. मग वायर ओढताना स्प्रिंग अडकते, आणि स्लॅब काय परत फोडता येत नाही."

हे उत्तर पुस्तक वाचून येत नाही. उन्हात तापलेल्या सळईवर उकिडवं बसून पाइप बांधलेल्या माणसालाच ते येतं. पण कागदोपत्री या पोराचे चार वर्षांचे तास शून्य आहेत.

मी स्वतः यातून गेलोय. माझ्या पहिल्या मालकानं दाखला दिला नाही तो नाहीच, आणि दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून हेल्परकी करावी लागली. तो राग अजून आहे. म्हणून लिहितोय.

मालक सही का टाळतात हे मला ठाऊक आहे, आता मी स्वतः परवानाधारक ठेकेदार आहे. पोरगा हजेरीपटावर नसतो. लेटरहेडवर 'अमुक तारखेपासून माझ्याकडे कामाला' असं लिहिलं की पीएफ, विमा, सगळंच अंगावर येईल ही भीती. आणि परवाना मिळाला की पोरगा स्वतःची कामं धरेल, ही दुसरी. पहिल्या भीतीवर उपाय एकच, पोराला रीतसर कामावर दाखवा. दुसरीला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो स्वतःची कामं धरणारच. आपणही तेच केलं ना?

1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात मालकानं शिकाऊ उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवायची असं स्पष्ट लिहिलंय. कलम 19. आयटीआय करून कारखान्यात ॲप्रेंटिस लागलेल्या पोराला निदान तेवढा आधार आहे. आमच्या छोट्या ठेकेदाराकडे शिकणाऱ्याचं सगळं भवितव्य मालकाच्या मूडवर. आणि मूड नसला की मग पैसे मोजून खोटा दाखला आणायची वाट दिसते. ज्यानं कधी मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, हातात धरला नाही त्याच्याकडे कागद, आणि ज्यानं शंभर डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या स्विचच्या पेट्या, बांधल्या तो रिकाम्या हातानं. भिंतीत गेलेली वायर घरमालकाला दिसत नाही हो. अर्थिंग नीट जोडलंय की नाही हे गिझरला हात लावल्यावर कळून काय उपयोग?

मी माझ्याकडच्या दोन्ही पोरांना दोनशे पानी वह्या दिल्यात. तारीख, साइट, किती तास, काय केलं. 'आज तिसऱ्या मजल्यावर बेडरूमच्या भिंतीत पाइपसाठी झिरी मारली, पाच तास. दुपारनंतर डीबी ड्रेसिंग बघितलं.' एवढंच. चुकलेलं अक्षर चालतं, चुकलेली तारीख चालत नाही. दर शनिवारी पगार देताना मी सही करतो, खाली परवाना क्रमांक टाकतो. दाखला द्यायची वेळ आली की त्याच वहीवरून लिहायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

ज्या ठेकेदार मित्रांकडे दाखले अडकलेत, त्यांना हात जोडून सांगतो, पोरांना फेऱ्या मारायला लावू नका. आणि पोरांनो, मालक सही देवो न देवो, वही आजपासून लिहा. साइटचे फोटो तारखेसकट ठेवा, पगार जमेल तर खात्यावर घ्या.

त्या पोराच्या मालकाला मी ओळखतो. रविवारी पोराला घेऊन स्वतः जाणार आहे, कोरं लेटरहेड त्यांच्याकडे असेलच.