रने फाँक यांचे ७५ विजय : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धातील फ्रेंच वैमानिक रने फाँक यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : १४२ विमाने पाडल्याचे सांगणाऱ्या बढाईखोर माणसाला मी दोस्तराष्ट्रांचा सर्वश्रेष्ठ लढाऊ वैमानिक ठरवले, आणि १९४० नंतरचे त्यांचे वर्तन झाकले.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. मी धरलेला आकडा १४२ नव्हे, ७५ आहे, आणि तो फाँक यांच्या शब्दावर उभा नाही. फ्रेंच हवाईदलात वैमानिकाच्या सांगण्यावर विजय नोंदवला जात नसे. त्याला इतरांची साक्ष लागे, आणि त्यामुळे शत्रूच्या हद्दीत खोलवर कोसळलेले विमान बहुधा हिशेबाबाहेरच राही. दोघांनी मिळून पाडलेले विमान मात्र दोघांच्याही खात्यात पूर्ण धरले जाई, हे आपल्या बाजूने सांगायला हवे. तरीही ९ मे १९१८ रोजी एका दिवसात सहा विमाने पाडणाऱ्या आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पुन्हा सहा पाडणाऱ्या माणसाचे कौशल्य केवळ हिशेबाच्या पद्धतीतून निपजलेले नाही. विमान आत्ता कुठे आहे यापेक्षा गोळी पोहोचेल तेव्हा ते कुठे असेल, हे ओळखून फाँक नेम धरत, म्हणून मोजक्याच गोळ्यांत त्यांचे काम होई. ऑगस्ट १९१६ मधला प्रसंग तर मला त्याहून बोलका वाटतो. एका जर्मन रुम्प्लर विमानाच्या डोक्यावर राहून, त्याला वर येऊ न देता त्यांनी ते खाली खाली दाबत नेले आणि अखेर फ्रेंच हद्दीत उतरायला भाग पाडले. आतले दोघेही सुखरूप होते. स्वतः फाँक संपूर्ण युद्धात एकदाही जखमी झाले नाहीत.

ते आत्मप्रौढी मिरवत, हे खरेच. फ्रेंच जनतेने जीव लावला तो सप्टेंबर १९१७ मध्ये बेपत्ता झालेल्या, ५३ विजय मिळवणाऱ्या जॉर्ज गिनमेर यांना. पण लोकप्रियता कमी म्हणून विजयही कमी धरायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसऱ्या आक्षेपाबाबत चूक माझी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्समधील व्हिशी राजवटीशी त्यांचा संबंध होता, आणि फ्रान्सच्या मुक्ततेनंतर त्यांना अटकही झाली. पुढे ते सुटले, आणि १९४८ मध्ये जर्मन ताब्याविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतील सहभागाचे प्रमाणपत्रही त्यांना मिळाले. या दोन्ही गोष्टी लेखात शेजारी शेजारी यायला हव्या होत्या. आज त्या जोडत आहे.