गृहपाठ कोण तपासतं, ते आधी बघा

गेल्या रविवारी नाशिकहून भावोजींचा फोन आला. भाचीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटला, म्हणजे सीएमआयला, प्रवेश मिळालाय. तिने गणितच करायचं, हे घरात आता सगळ्यांना मान्य आहे. प्रश्न आहे तो कुठे करायचं याचा. भावोजी म्हणाले, "रँग्लर परांजपे केंब्रिजला गेले म्हणूनच नाव झालं ना? तुम्ही जर्मनीत बॉनला आहात, तिथे फी पण नाही. मग पोरीला चेन्नईला कशाला धाडू?"

बॉनचं नाव मोठं आहे, यात शंका नाही. २०१८ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालेले पेटर शोल्झ इथलेच. पण भावोजी, फी नसली तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे साधारण बारा लाख रुपये. पदवीचं शिक्षण जर्मनमधून चालतं. शिवाय आपल्या नुसत्या बारावीवर इथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. अठरा वर्षांच्या मुलीने भाषा, एकटेपणा आणि एप्सिलॉन-डेल्टा ("अगदी जवळ" म्हणजे किती, हे काटेकोर सांगायची गणिती रीत) या तिन्हींशी एकदम का झगडावं?

माझी पदवी महाराष्ट्रातल्याच एका कॉलेजातली. प्रमेयं पाठ, गाइडमधली गणितं पाठ, आणि पहिला वर्ग. तीन वर्षांत मी लिहिलेली एकही सिद्धता कोणी ओळ न् ओळ वाचली नाही. पुढे मास्टर्सला बॉनला आले आणि पाया कच्चा निघाला, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे कॅल्क्युलस सिद्धतांसह शिकवणाऱ्या विषयाच्या, तासाला जाऊन बसले. इथे दर आठवड्याला गणितांचा एक कागद मिळतो. तो सोडवून द्यायचा, वरच्या वर्गातला विद्यार्थी तो तपासतो, आणि निम्मे गुण जमले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नाही. माझ्या पहिल्या कागदाला वीसपैकी चार मिळाले. प्रत्येक बिंदूसाठी वेगळा डेल्टा, म्हणजे किती जवळ जायचं ते अंतर, निवडून पुढच्या ओळीत मी तो सगळ्यांसाठी एकच असल्यासारखा वापरला होता. त्या ओळीखाली लाल शाईत एकच शब्द होता: "वारुम?" म्हणजे "का?" माझ्याहून लहान असलेल्या मुलाने तो लिहिला होता. मी त्या रात्री रडले, पण गणित शिकायला लागले ती त्या शब्दापासून.

तो "का?" आपल्याकडेही विचारला जातो, फक्त मोजक्या ठिकाणी. गणितज्ञ सी. एस. शेषाद्रींनी १९८९ मध्ये उभी केलेली सीएमआय त्यातली एक. वर्ग लहान, आणि शिकवणारे स्वतः संशोधन करणारे. बंगळुरूला आयएसआयचं, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं, बी.मॅथ. ही गणिताची पदवी आहे, तिथे तर उलट विद्यावेतन मिळत आलंय. भाचीचं मन भौतिकशास्त्राकडेही ओढत असतं तर मी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचं नाव घेतलं असतं, कारण तिथे सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकून मग विषय ठरवता येतो. तिचं तसं नाही. ती सुट्टीतही संख्याशास्त्र नव्हे, संख्यांचं शास्त्र वाचत बसते.

आणि परांजप्यांचं म्हणाल, तर ते आधी फर्ग्युसनमध्ये शिकले, मग केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवत राहिले. भाचीलाही मास्टर्सला इथे येता येईलच. बॉनला ते इंग्रजीतून आहे, आणि माझ्या घरी खोली रिकामी आहे.

भावोजींना मी एक काम सांगितलंय. तिला पोचवायला सिरुसेरीला, म्हणजे सीएमआय आहे तिथे, जाल तेव्हा खोली आणि मेस बघून लगेच निघू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा आणि तिची तपासून आलेली वही बघायला मागा.